नितळ पाणी

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. यंदा त्या बारांत माझं नाव होतं, म्हणून मी दुपारीच न्हाणीघरात बसून टाचा वजरीने खसाखसा घासल्या. संध्याकाळी बाकावर बसून पाहतो, तर सगळ्यांचेच पाय लख्ख. एकाने तर पावडरही लावली होती. फादर गुडघ्यांवर बसून एकेकाचे पाय धूत आले आणि शेवटपर्यंत घंगाळातलं पाणी नितळ राहिलं. माझी नजर त्या पाण्यावरून हलेना. मळलेला पाय पुढे करायची आम्हाला लाज वाटते, आणि दुसऱ्याचा मळलेला पाय हातात घ्यायची त्याहून जास्त. दर वर्षी कुणीतरी आमच्यापुढे वाकतं. आम्ही पाय पुसून घरी येतो.

घरी आई पलंगावर होती. चार वर्षं ती अंथरुणाला खिळून आहे. तिचं अंग पुसायला येणाऱ्या बाई सणामुळे दोन दिवस यायच्या नव्हत्या.

"पाय चिकट झालेत रे," ती म्हणाली. "जरा पुसतोस?"

"परवा बाई येतीलच ना," मी म्हणालो.

"हो, येतील की." तिने हाताने चादर पायांवर ओढून घेतली. मग कौतुकाने विचारलं, "फादरांनी धुतले ना तुझे? पाणी गार नव्हतं ना रे?"

"नाही गं," मी म्हणालो. "चांगलं कोमट होतं."