स्पीकरांची कोरडी खोली

आमच्या घरात कोरडी खोली एकच, दक्षिणेची, आणि तिथे दोन स्पीकर राहतात. आम्ही नवराबायको उत्तरेच्या खोलीत, जिथे भिंतीला टेकलं की पाठ ओली होते. डबा विसरलास तरी छत्री विसरू नकोस, असं जपानमधल्या आमच्या पावसाळी कानाझावात लहानपणापासून ऐकवतात. अशा गावात कोरडी खोली लाकडी खोक्यांना द्यायची म्हणजे हद्द झाली.

माझे यजमान इवाओ. चाळीस वर्षं त्यांनी कॉफीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक जाझच्या तबकड्या ऐकायला यायचं, आणि कोणी बोललं तर हे डोळे वटारायचे. दुकान बंद झालं, खुर्च्या गेल्या, कपबशा गेल्या. कपाटाएवढे ते स्पीकर मात्र घरी आले. "नाओमिचीसाठी," म्हणाले. नाओमिची आमचा मुलगा, योकोहामात असतो.

तेव्हापासून सोवळं सुरू झालं. जमिनीची ओल लागू नये म्हणून खाली लाकडी पट्ट्या. वर सुती चादर, कारण प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि बुरशी येते. आडवे ठेवायचे नाहीत. ओल शोषणारं यंत्र लावायचं, पण बेतानं, नाहीतर आतलं चामडं तडकतं. आणि दर उन्हाळ्यात, शेजारणी किमोनो वाऱ्यावर टाकतात त्या दिवसांत, हे स्क्रू काढून आतला आवाज उमटवणारा मोठा कागदी पडदा उलटा फिरवून बसवतात, स्वतःच्या वजनाने तो एका बाजूला लोंबू नये म्हणून. माझे गुडघे गेले, त्याची चौकशी नाही.

गेल्या शरदातल्या पावसात यांचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, त्या ओल्या खोलीत हिवाळा काढलात तर वसंत दिसेल याची खात्री मी देत नाही. घरी येताच मी म्हटलं, "अहो, आज गाद्या दक्षिणेला न्यायच्या."

"माणसाच्या श्वासाने ओल धरते तिथे. नाओमिची न्यायला आला की बघू."

"नेतो असं तो कधी म्हणाला?"

"विचार करतो म्हणालाय."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे विचार करतो म्हणजे नको. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, एवढंच. दारात आलेल्या विक्रेत्यांना हे स्वतः जन्मभर तेच सांगून वाटेला लावत आले. एखादा खरंच पुन्हा आला, तर त्याची अक्कल काढायचे.

नववर्षाला मुलगा आला. तोवर यांना जिना चढतानाही धाप लागत होती. मोचीचा, तांदळाच्या चिकट वड्यांचा, रस्सा वाढता वाढता मी विचारलं, "स्पीकर केव्हा नेतोस?"

"विचार करतो, आई."

"विचार पुरे झाला. हो की नाही, ते सांग."

त्याच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. असं कोणी कोणाला विचारत नाही. त्याने एकदा बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"आमच्या भिंती पातळ आहेत, बाबा. तिथे वाजवता येणार नाहीत. मला नकोत. माफ करा."

हे वाटीतला रस्सा शेवटपर्यंत प्यायले.

मुलगा स्टेशनवर गेला आणि माझा तोल सुटला. "शेंबड्या पोराला कळतं, ते तुम्हाला कळू नये?"

"कळत होतं."

"मग कशासाठी छातीचं भुसकट करून घेतलंत?"

ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "जोवर त्याने नाही म्हटलं नव्हतं, तोवर तो न्यायला येणार होता."

इतक्या वर्षांचा राग होता माझा, आणि आता तो कोणावर काढावा ते कळेना. मी उत्तरेच्या खोलीतून त्यांची गादी दक्षिणेला ओढत आणली. न सांगता ते उठले आणि धापा टाकत एक स्पीकर भिंतीकडे सरकवला, जेमतेम एका माणसाला जागा होईल इतका.

"दोन गाद्या लागतील," मी म्हटलं.

दुसऱ्या स्पीकरला आम्ही दोघांनी मिळून हात लावला.