साहेबाला आवडलेली झडती

चिंधू भेंडारकरने शेतीत मन कधी घातलं नाही, पण झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची टोमण्यांची कवनं, मात्र जीव ओतून म्हटल्या. लाखांदूरकडच्या त्याच्या गावात पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की चिंधू पुढे व्हायचा आणि पाटलाच्या तोंडावर, पाटलाबद्दलच, यमक जुळवून ओरडायचा. त्या दिवशी झडतीवाल्याला सगळं माफ. पाटलाने मिशीत हसायचं, कान लाल होऊ द्यायचे आणि पुढे गुपचूप काम करून टाकायचं, अशी रीत. विहिरीचा कठडा, चावडीची पायरी, गावातली निम्मी बांधकामं चिंधूच्या यमकांवर उभी होती. उरलेली निम्मी झालीच नव्हती.

भिलाईत कारखाना उभा राहू लागला तसा तो बायकोला, रुक्माला, घेऊन आला आणि एका ठेकेदार कंपनीच्या काँक्रीट गँगमध्ये लागला. रुक्मा घमेली वाही. त्यांची तान्ही दुर्गा मिक्सरशेजारी बांबूंना बांधलेल्या झोळीत झोपे. म्हणजे सिमेंटच्या धुळीत खोकून दमली की डोळे मिटे. इतर बायांची लेकरंही तशीच. पाऊस आला की ताडपत्री आधी सिमेंटवर पडे. गोणी भिजली की वाया जाते, लेकरू भिजलं तर वाळतं. कंपनीच्या विचारात चूक काढायला जागा नव्हती.

रुक्माला एक छप्पर हवं होतं. चार खांब, वर पत्रा. मुकादम म्हणाला, नकाशात नाही.

"पोळ्याले सांगतो," चिंधू म्हणाला.

"इथं पाटील कोठी हाय?"

"मॅनेजर साहेब हाय ना. पाटलाच्याही वरचा."

मजुरांच्या कॅम्पात बैल नव्हते, तेव्हा गँगने मिक्सरचाच पोळा भरवला. आदल्या संध्याकाळी बैलाचा शेकतात तसा त्याचा खांदा हळद-तुपाने शेकला. मिक्सरला खांदा कुठे असतो यावर बरीच भांडणं झाली. शेजारच्या झोपडीतला धोंडबा रामटेके रेल्वेत होता. नागपूरला दीक्षा घेतल्यापासून तो देवापुढे हात जोडत नसे, बैलाला मात्र मानी. "बैल काम तरी करते," असं त्याचं म्हणणं. मिक्सरकडेही त्याने आदराने पाहिलं.

तोरण तोडायचा मान साहेबांना दिला होता. साहेब मॅडमला घेऊन जीपमधून आले. चिंधूने कानावर हात ठेवला आणि आवाज लावला:

"साहेबाच्या कुत्र्याले कौलाचं घर,
सिमेंटच्या गोणीले ताडपत्री वर,
आमच्या लेकराले आभाळाचं छप्पर,
सांगा बा साहेब, कोन मानूस, कोन ढोर!"

"हर हर महादेव!" गँग गरजली. ऑफिसातल्या बाबूने साहेबांना हिंदीत अर्थ सांगितला. साहेबांनी ऐकलं, मॅडमकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. "कुत्तेवाला फिर से!" म्हणाले. चिंधूने पुन्हा म्हटलं. साहेबांचे कान गँगने नीट न्याहाळले. लाल झाले नव्हते.

छप्पर काही आलं नाही. आलं ते बोलावणं. कंपनीचे मोठे लोक साइट पाहायला येणार होते, त्यांना हीच झडती ऐकवायची. साहेब म्हणाले, जी कंपनी स्वतःवर हसू शकते तीच मॉडर्न. मोठ्या लोकांच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून मिक्सरशेजारी पाइपांचे खांब रोवून पत्र्याचा मांडव टाकला गेला. लेकरांना छप्पर नाही ही तक्रार ऐकायला कंपनीने छप्पर बांधलं. मुकादमाला विचारलं, तर म्हणाला, हे नकाशात आहे.

"तुले समजत कसं नाई बे, चिंधूभाऊ?" धोंडबा म्हणाला. "पाटील लाजे, कावून का त्याले त्याच गावात मराचं होतं. साहेबाची त बदली होते. बदलीवाला मानूस कशाले लाजन?"

"मी झोंबन असंच म्हणून राहिलो ना!"

"जेवढं झोंबन तेवढं हासन. पाहून घे."

मोठे लोक आले त्या दिवशी चिंधूने होतं नव्हतं ते ओतलं. मुकादमाला ढेकूण केलं, बाबूला बगळा, आणि साहेबाचं पोट तर मिक्सरसारखं फिरवून दाखवलं. पाहुण्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेवटी चिंधूला शाल मिळाली आणि "कलाकार" ही पदवी. घरी येऊन त्याने शाल कोपऱ्यात फेकली.

"तोंडावर शिव्या देल्ल्या, त शाबासकी भेटली. असा पाटील मी पाह्यला नाई."

सकाळी मांडव उतरवायला माणसं आली तेव्हा मांडवाच्या पाइपांना झोळ्या लटकत होत्या. एकेकीने आपलं लेकरू आणून टांगलं होतं. रुक्मा पुढे उभी.

"सोड वं ह्या झोळ्या!" मुकादम ओरडला.

"सोडतो ना. पोरगी तुमी धरा. माह्या डोक्यावर घमेलं हाय."

मुकादमाने दुर्गाकडे पाहिलं. दुर्गाने भोकाड पसरलं. तो साहेबांना बोलवायला पळाला. साहेब आले ते रात्री मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्यांसकट. पताकांखाली ओळीने हलणाऱ्या झोळ्या, मध्ये कमरेवर हात ठेवलेली रुक्मा. एक पाहुणा म्हणाला, "अरे वाह, सेकंड ॲक्ट!" टाळ्या पडल्या, फोटो निघाले. इतक्या टाळ्यांनंतर मांडव उतरवा म्हणणं साहेबांना जमेना. "रहने दो," ते म्हणाले. पुढे तो फोटो कंपनीच्या मासिकात छापून आला. खाली लिहिलं होतं, मजुरांच्या मुलांसाठी कंपनीची सोय.

चिंधू मात्र दिवसभर धुमसत होता. दुपारच्या सुट्टीत तो पत्र्याखाली येऊन बसला.

"ते हासले म्हणून छप्पर राह्यलं. मंग माह्या बोलाची किंमत काय?"

"हासू द्या न," रुक्मा म्हणाली. "जवर हासतीन तवर पोरगी सावलीत. सरका आता, झोळीले तुमचा पाय लागून राहिला."