ओवीवर एकदम सहा उपचार

“ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि लगेच सोपं करून सांगितलं, “म्हणजे चालणं, समजणं, बोलणं, हे सगळंच हिला वयाच्या मानानं उशिरा जमतंय. घाबरू नका, पण थेरपी लगेच सुरू करू.” आमची ओवी तेव्हा अडीच वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. उल्हासनगरच्या त्या दवाखान्यातून मी आणि माझी बायको मनीषा तिला घेऊन बदलापूरला घरी आलो. मला एवढंच हवं होतं की पोरीनं बोलावं.

मॅडमनी स्पीच थेरपी, म्हणजे बोलण्याचा सराव, आणि ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे हातापायांचा आणि रोजच्या कामांचा सराव, असं दोन्ही लिहून दिलं. महिनाभर नेमानं गेलो. थेरपिस्ट ओवीशी जमिनीवर बसून खेळायची. मला मनातून वाटायचं, हा काय उपचार झाला? खेळायला काय, मीही खेळतो की.

मग सल्ल्यांचं पेव फुटलं. चामटोलीहून मनीषाच्या आत्या आल्या. त्यांनी वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं, वर ओळखीच्या कुणाकडून आणलेली चूर्णाची बाटलीही दिली. “आमच्या जावेचा नातू याच्यानंच बोलायला लागला,” म्हणाल्या. कुळगावात पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनाचे थेंब सुरू झाले. मोबाइलवरच्या पालकांच्या ग्रुपनं गहू आणि दूध बंद करायला लावलं. रोज संध्याकाळी तेलाचं मालिश. शिवाय हायपरबॅरिक ऑक्सिजन. त्यात बंद टाकीत दाबाखाली ऑक्सिजन देतात. मनीषा ओवीला मांडीवर घेऊन आत बसायची आणि ओवी रडून रडून लाल व्हायची. टाकीची वेळ आणि थेरपीची वेळ एकच यायची, म्हणून थेरपीला दांड्या पडू लागल्या. यातलं मॅडमना काहीच सांगितलं नाही. रागावतील म्हणून.

आता माझं सांगतो. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. बॅच बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं ते कळत नाही. हा नियम मोडला म्हणून मी ज्युनिअर लोकांना फाडून खाल्लेलं आहे. स्वभावच तसा किरकिरा. आणि घरी मी स्वतःच्या लेकीवर एकदम सहा गोष्टी सुरू करून बसलो होतो.

तीन महिन्यांनी मॅडमकडे तपासणी होती. मी खुशीत सांगितलं, “आता हाक मारली की वळून बघते.”

“छान. कशामुळे असं वाटतं तुम्हाला?”

मी मनात सहाही गोष्टी मोजल्या, पण यातली नेमकी कुठली ते मलाच ठरवता येईना. मॅडमनी ओवीला काट्यावर उभं केलं. वजन दीड किलोनं उतरलं होतं. तेव्हा मनीषानं पिशवीतून एकेक बाटली काढून टेबलावर मांडली. तिनं सगळं बरोबर आणलं होतं, मला न सांगता.

मॅडम रागावल्या नाहीत. चूर्णाची बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, “हिला लेबल नाही. यात काय आहे?”

बिनलेबलचा ड्रम मी कारखान्याच्या गेटातून आत येऊ देत नाही. तिथे बसल्या बसल्या मला इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. मॅडमनी रक्ताची लेड टेस्ट लिहिली, लेड म्हणजे शिसं. अशा चूर्णांत कधीकधी सापडतं, म्हणाल्या. रिपोर्टला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही, आणि आत्यांचा फोन आला तर मी उचलला नाही. चूक माझी होती, राग मात्र त्यांच्यावर काढला.

रिपोर्ट नॉर्मल आला. चूर्ण, वेखंड, थेंब, टाकी सगळं बंद झालं. दूध-पोळी परत आली. मालिश राहिलं, कारण ओवीला ते आवडतं आणि मॅडमची हरकत नव्हती. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना हात जोडून सांगतो, काहीही करा, पण डॉक्टरांपासून लपवू नका. आणि थेरपी सोडू नका.

थेरपी पुन्हा नेमानं सुरू झाल्यावर थेरपिस्ट मला म्हणाली, “बाबा, तुम्ही हिला काही मागायची वेळच येऊ देत नाही. हातात वस्तू धरा आणि मनात दहा आकडे मोजत थांबा.”

थांबणं मला जमत नाही. तरी रोज करत होतो. परवा रविवारी पपईची फोड तिच्यासमोर धरली आणि मोजू लागलो. तिनं फोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सातपर्यंत आलो होतो.

“दे.”

पुढे ती किती बोलेल हे मॅडमही सांगत नाहीत, आणि हा शब्द नेमका कशानं आला ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. स्वयंपाकघरातून मनीषा विचारत होती, “काय म्हणाली? काय म्हणाली ती?” तोवर ओवीनं फोड संपवली आणि हात पुढे केला. मी दुसरी फोड उचलली, आणि थांबलो.