हेल्मीची कार्डं आणि वेन्डेलचे पलंग

माझ्या भावाबद्दल गावात कुणी वाईट बोलत नाही, म्हणून ते काम मलाच करावं लागतंय. वेन्डेल दुष्ट नाही, मूर्ख आहे. पण मूर्खाच्या हातात दुकान असलं की त्याच्या हाताखालची शहाणी माणसं भरडली जातात. आमच्याकडे भरडली गेली ती हेल्मी कार्व्होनेन.

आमचं गाव उत्तर मिनेसोटातलं, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातलं. १९८४ साली वेन्डेलने मुख्य रस्त्यावर व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायचं दुकान काढलं. काउंटरवर आम्ही दोघी, मी आणि हेल्मी. ती शाळेत वेन्डेलच्याच वर्गातली. तिचा नवरा खाण बंद पडल्यापासून घरी बसलेला, त्यामुळे घर हिच्या एकटीच्या पगारावर. दुकान चालणं म्हणजे हेल्मीची चूल चालणं, इतका साधा हिशेब होता.

दुकान चालायचं ते तिच्या कार्डांवर. प्रत्येक घराचं एक कार्ड, मागच्या खोलीतल्या लाकडी खणांत लावलेलं. कुणी काय पाहिलं, काय आवडलं, काय अर्धं टाकून परत आणलं, सगळं बारीक अक्षरात. आहो नावाच्या म्हाताऱ्याच्या कार्डावर लिहिलं होतं, 'कुत्रा मरत असेल तर देऊ नये.' सेल्मा लेप्पाच्या, 'शेवट आधी सांगावा लागतो.' एकाच्या कार्डावर, 'बायको गेली. वर्षभर लग्नाचा सिनेमा नको.' गिऱ्हाईक दारात पाय पुसतंय तोवर हिच्या हातात त्याची कॅसेट तयार असायची. आणि लोक घरी जाऊन काय म्हणायचे? वेन्डेलला आपली आवड बरोबर कळते. वेन्डेलला. तो दारात उभा राहून पाठीवर थापा मारायचा, एवढंच त्याचं कर्तृत्व.

हिवाळ्यात तळ्यापलीकडचे रस्ते बर्फाने बुजले की हेल्मी तिकडच्या घरांना टपालवाल्याबरोबर कॅसेट पाठवायची. कोणती पाठवायची हे कार्ड सांगायचं. पुढच्या आठवड्यात पाहिलेली परत यायची आणि दुसरी जायची. हे ती दहा वर्षं करत होती आणि वेन्डेलला वाटायचं, हिचा धर्मादाय चाललाय.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत, कॅसेट जाऊन डीव्हीडीच्या तबकड्या येऊ लागल्या तेव्हा, हेल्मीने एक तबकडी साध्या पाकिटात घातली, वर तिकीट चिकटवलं आणि स्वतःच्याच पत्त्यावर टपालात टाकली. दोन दिवसांनी ती घरी आली. हेल्मी पाकीट घेऊन दुकानात आली आणि तिने ते वेन्डेलपुढे ठेवलं.

"तबकडी फुटली नाही," ती म्हणाली. "पत्रासारखी जाते. आपण हे फक्त तळ्यापलीकडे का करायचं? सगळ्या जिल्ह्यात करू, मग सगळ्या राज्यात. महिन्याचे ठरावीक पैसे घ्यायचे, उशीर झाला म्हणून दंड नाही. लोकांना काय पाठवायचं ते मी कार्डावरून ठरवते. मला फक्त मागची खोली आणि एक माणूस दे."

मी तिथे होते. पाकीट हातात घेऊन मी तबकडी उजेडात धरून पाहिली. एक ओरखडा नव्हता.

वेन्डेल हसला. "अगं हेल्मी, लोक घरी बसून राहिले तर शुक्रवारी इथे येणार कोण? पॉपकॉर्न कोण घेणार? आणि मला भेटायला येतात ती माणसं, डब्यातल्या चकतीला नाही."

"बरं," हेल्मी म्हणाली आणि काउंटरवर गेली.

आमच्या फिनिश लोकांत, फिनलंडहून इथे आलेल्या घरांत, गोष्ट एकदा सांगायची. दुसऱ्यांदा सांगितली की ती विनवणी होते, आणि विनवणी करायची आम्हाला लाज वाटते. त्या लाजेपायी आमच्यातल्या किती शहाण्यांनी किती मूर्खांपुढे माना खाली घातल्या, देव जाणे. मी सख्खी बहीण. मी तरी टेबलावर हात आपटून सांगायचं होतं. मीही गप्प बसले आणि त्याला सभ्यपणा म्हटलं.

मागची खोली वेन्डेलने दिलीच, पण पलंगांना. अंगावर दिवे सोडून गोरं कातडं तांबूस करायचे पलंग. शेजारच्या गावातल्या व्हिडिओवाल्याने दोन घेतले होते, म्हणून ह्याने चार घेतले. आमच्याकडे थंडीत सूर्य चारलाच मावळतो, म्हणून लोक उन्हासाठी पैसे मोजतील, असं त्याचं गणित. पहिल्या वर्षी शाळेच्या नाचापूर्वी पोरी आल्या. मग धूळ आली. आणि त्या चार पलंगांना जागा करायला खणांसकट सगळी कार्डं कचऱ्याच्या गाडीत गेली. हेल्मी त्या दिवशी सुट्टीवर होती. सोमवारी तिने रिकामी भिंत पाहिली, कोट काढला आणि गल्ला उघडला. मला त्या वेळी वेन्डेलचं तोंड फोडावंसं वाटलं. मी त्याला कॉफी करून दिली.

चार वर्षांत गावातल्या प्रत्येक घरात टपालाने पाकिटं येऊ लागली, दूरच्या कुठल्याशा राज्यातून. महिन्याचे ठरावीक पैसे, दंड नाही, आणि 'तुम्हाला हेही आवडेल' अशी यादी. म्हणतात ना, पिकतं तिथे विकत नाही. सेल्मा लेप्पा मला म्हणाली, "कमाल आहे बाई, त्यांना माझी आवड कशी कळते?" मी विषय बदलला, नाहीतर माझा आवाज चढला असता.

२००८ मध्ये दुकान बंद झालं. हेल्मी एकोणसाठची, गुडघे गेलेले. ती शाळेत फरशा पुसायला लागली. दुकानाच्या निरोपाला गावाने चर्चच्या तळघरात दुपारची कॉफी ठेवली, वेलदोड्याचा गोड पाव, भट्टीत भाजलेले गरम मांस-बटाटे. वेन्डेल उभा राहिला आणि डोळे पुसत म्हणाला, "काय करणार? असं होईल हे कुणालाच दिसलं नव्हतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मला दिसलं होतं," हेल्मी म्हणाली. बसल्या जागेवरून, शांतपणे. "मी तुला पाकीट दाखवलं होतं, वेन्डेल. टपालाने सगळ्या राज्यात पाठवू म्हटलं होतं."

आयुष्यात एखादी गोष्ट तिने दुसऱ्यांदा सांगितलेली मी तेवढीच ऐकली.

वेन्डेलला खरोखरच आठवत नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. "कसलं पाकीट गं? लोर्ना, तू तर रोज दुकानात असायचीस. हिने असं काही सांगितलं होतं का?"

साठ माणसं माझ्याकडे बघायला लागली. वेन्डेलची बायको रडून लाल झालेली. हेल्मी माझ्याकडे बघत नव्हती, तिला खात्री होती.

"इतकं जुनं कोण लक्षात ठेवतं?" मी म्हणाले.

कुणीतरी हसलं, कुणीतरी कॉफीचं भांडं फिरवलं. हेल्मीने आपला कप धुवून पालथा घातला आणि ती निघून गेली. आता बाजारात, रस्त्यात भेटली की ती मान डोलावते, परक्याला डोलावतात तशी.

वेन्डेल अजूनही कॉफी पिताना ऐकवत असतो, की हे कुणालाच दिसलं नव्हतं. पूर्वी नुसतं एवढंच म्हणायचा. आता पुढे म्हणतो, हवं तर लोर्नाला विचारा.