ब्रेकमावशींचं बोलणं

मोटार चालवायला शिकवणाऱ्या बाईंना शिकणारी मंडळी पाठीमागे 'ब्रेकमावशी' म्हणत, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू असे. "क्लच हळू सोडा, तो काही उंदीर नाही पळून जायला. आरशात बघा. केस नाही, मागची गाडी बघा." त्यांचे यजमान चष्म्याच्या दुकानात काचा घासत. बोलण्याचं खातं त्यांनी लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं आणि त्यात ते अगदी सुखी होते.

मूत्रपिंडं थकली तेव्हाही बाईंचं तोंड थकलं नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, उरलेल्या दिवशी गाडी. तिथल्या खुर्चीतूनसुद्धा त्या शेजारच्या पेशंटला चढावर गाडी कशी उचलायची ते ऐकवत. त्रास एकच, छातीतली जळजळ. यजमानांनी औषधाच्या दुकानातून पांढरं पातळ औषध आणलं.

"खडू खाल्ल्यासारखं लागतं," बाई म्हणाल्या. "तुम्हीच प्या."

मग यजमानांनी शक्कल लढवली. डायलिसिसमुळे पाण्याचं माप ठरवून दिलेलं, म्हणून अर्ध्याच वाटीत लिंबू पिळायचं, साखर घालायची आणि त्यात औषध ढवळायचं. बाई मिटक्या मारत पिऊ लागल्या. आधी दिवसातून एकदा, पुढे उठता बसता. यजमानांना स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटे. डॉक्टरांना सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

काही महिन्यांनी बाई बोलताना अडखळू लागल्या. थकवा असेल, असं दोघं धरून चालली. मग एका सकाळी एक पोस्टमन गाडी शिकत असताना समोर बागेचं कुंपण आलं. बाईंच्या तोंडून "ब्र… ब्र…" याच्या पुढे काही निघेना, आणि गाडी झुडपात शिरली. कुणाला खरचटलंही नाही.

"मावशी, मला वाटलं तुम्ही इंजिनाचा आवाज काढताय," पोस्टमन म्हणाला. जमलेले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. बरं वाटेपर्यंत गाडी मिळणार नाही, असं ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने त्यांना सांगितलं.

घर गप्प झालं. बाईंचं वाक्य अडलं की यजमान ते पुरं करत. "टॉवेल देऊ? दार लावू?" बायकोच्या वाट्याचं बोलायची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली होती आणि ते पार भेदरून गेले होते.

डायलिसिसच्या डॉक्टरीणबाईंनी आधी यंत्रात वापरलं जाणारं पाणी तपासून घेतलं, त्यातून काही अंगात शिरतंय का म्हणून. ते चोख निघालं. मग त्यांनी विचारलं, "घरी आणखी काय घेता?" यजमानांनी आपली कृती लिंबासकट सांगितली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला आणि रक्त तपासायला पाठवलं. त्यात ॲल्युमिनियम फार वाढलेलं होतं.

"तुमच्या त्या औषधात ते असतं," त्या म्हणाल्या. "एरवी बहुतेक सगळं पोटातून तसंच बाहेर पडतं. पण लिंबाच्या आंबटपणामुळे ते आतड्यातून रक्तात जास्त शिरतं. धडधाकट मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, यांची टाकू शकत नाहीत. मग रक्तात लोह वाहून नेणारं एक प्रथिन असतं, त्याच्यावर हे चढून बसतं. मेंदूच्या पेशीला वाटतं लोहच आलं. ती दार उघडते, आणि आत गेलं की हे तिचं कामकाज अडवून धरतं."

बाईंनी हात वर केला. "बि… बिन…"

"बिनसाखरेचं?" यजमान म्हणाले.

"बिन… लाय… सन्सचं."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. यजमानांना मात्र एकच विचारायचं होतं. "हिचं बोलणं परत येईल?"

"लवकर सापडलंय, त्यामुळे आशा आहे. वचन देत नाही."

पांढरं औषध बंद झालं, लिंबूही. शिरेतून दुसरं औषध सुरू झालं. ते ॲल्युमिनियमला धरून ठेवी आणि डायलिसिसचं यंत्र त्या दोघांना गाळून काढी. यजमानांना घास गोड लागेना. आपल्याच हाताने आपण हे पाजलं, हे त्यांच्या मनातून जाईना. बाई काही न बोलता त्यांच्या पाठीवर थोपटत, आणि त्यांना आणखीच रडू येई.

काही आठवडे असेच गेले. एका दुपारी दोघं टॅक्सीने घरी येत होती.

"मला उद्या…" बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

"पडून राहायचंय?" यजमान म्हणाले. "चादर बदलून ठेवतो."

"मधे बोलू नका. मी श्वास घ्यायला थांबले होते. उद्या मला मालकाकडे जाऊन गाडी मागायची आहे, आणि तुम्ही बरोबर येऊ नका, तिथे रडत बसाल. आणि अहो ड्रायव्हर, पिवळा दिवा लागला की वेग वाढवायचा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

यजमान टॅक्सीतच रडायला लागले. घर येईपर्यंत बाई बोलत राहिल्या, आणि ते डोळे पुसत ऐकत राहिले.