पुराच्या रेघेवर टेकलेलं दार

पंचगंगेकाठचा तो म्हातारा मला कामावर जाताना रोज दिसायचा. अंगणात होडी बांधायला घेतली होती. फळ्या कापायला सपाट जागा हवी, म्हणून त्यानं घराचंच दार काढून दोन पिंपांवर आडवं टाकलं. मग भिंतीवर पुरानं सोडलेल्या, कमरेएवढ्या उंच मातकट रेघेकडं बघत, दार तिच्या पातळीत यावं म्हणून पिंपांखाली विटांचे तुकडे सारत बसला. दर खेपेला वाकताना कण्हायचा.

"पाण्यानं मारलेली रेघ हाय, पावणं. हिच्याएवढं सरळ काय न्हाय."

"पण मामा, घर उघडं राहिलं की."

त्यानं दारावर हात टेकून दम खाल्ला.

"पाणी काय कडी वाजवून येतंय व्हय?"

घरी येऊन मी कडी लावली. दिवाळीला भिंती रंगवून घेतल्या होत्या. आमची रेघ कुठवर होती, आठवेना.