सकाळच्या मीटिंगमधला काळा चौकोन

अंबरनाथला एका लहान कारखान्यात मी कामाला आहे. पाण्याचे पंप आपोआप चालू-बंद करणारी कंट्रोल पॅनल आम्ही बनवतो. पत्र्याची कपाटं, आत वायरी, बाहेर हिरवे-लाल दिवे. माझं काम म्हणजे कुठला जॉब कुठवर आलाय ते बघायचं आणि ज्याच्याकडे तो अडलाय त्याच्या मागे लागायचं. बदलापूरहून स्कूटीने येते, दिवसभर लोकांच्या मागे लागते आणि संध्याकाळी परत जाते. यात लिहिण्यासारखं काही घडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा एक वाद चालला होता. प्रॉडक्शन बघणारे एक जुने गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. त्यांचं म्हणणं, आधी सगळं ठरवा. ड्रॉइंग मंजूर झालं की सामान, सामान आलं की पत्रा, मग वायरिंग, मग टेस्टिंग. एका लांबलचक कागदावर ते आडव्या पट्ट्या काढत आणि मागची पट्टी संपल्याशिवाय पुढचीला हात लावू देत नसत. पुण्याहून नवा आलेला इंजिनिअर अगदी उलट. "काका, गिऱ्हाईक मध्येच मन बदलतं, मग तुमचा पूर्ण कागद वाया," असं तो म्हणायचा. त्याला कामाचे लहान लहान तुकडे हवे होते. प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड, ती कार्डं कम्प्युटरवरच्या बोर्डवर, आणि रोज सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्या पाच मिनिटं बोलायचं.

आमचे शेठ उल्हासनगरला तीन नंबरच्या कॅम्पात राहतात. तिथे त्यांचं जुनं दुकान आणि छोटं ऑफिस आहे. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भांडू नका बाबा. वांगणीचा जॉब ह्याच्या बोर्डवर चालवा, डाइंगवाल्यांचा काकांच्या कागदावर. दोन्ही झाले की बघू कोणाची पद्धत ठेवायची."

डाइंगवाल्यांचा जॉब म्हणजे कापड रंगवण्याच्या एका कारखान्याचं पॅनल. वांगणीचा जॉब म्हणजे स्टेशनपासून आत, शेतांच्या मधोमध नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतींचे पंप. पॅनलमध्ये सिमकार्डाचा एक मोडेम बसवायचा होता, म्हणजे पंप लांबूनही चालू-बंद करता येतात. इंजिनिअरने बोर्ड तयार केला, त्याची लिंक आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि आम्ही एकेक करून आत शिरलो. वर कोपऱ्यात प्रत्येकाचा छोटा गोल दिसायचा. माझ्या गोलात माझा फोटो, काकांच्या गोलात त्यांच्या नातीने काढलेलं मांजर. एका गोलात काहीच नव्हतं, नुसता राखाडी रंग. खाली नाव होतं 'ऑफिस'.

मला वाटलं, उल्हासनगरचं ऑफिस असेल. सगळ्यांनाच तसं वाटलं. कोणी विचारलं नाही.

सकाळच्या मीटिंगला जे कारखान्याबाहेर असत ते व्हिडिओवरून येत. 'ऑफिस'ही यायचं. कॅमेरा बंद, माइक बंद, नुसता एक काळा चौकोन. इंजिनिअर शेवटी विचारायचा, "ऑफिस, तुमच्याकडून काही?" आणि चौकोनात वर केलेल्या अंगठ्याचं चिन्ह दिसायचं. मग आम्ही कामाला लागायचो.

पहिल्यांदा 'ऑफिस'ने बोर्डवर लिहिलं ते मला आठवतं. कुणीतरी वायरिंगचं कार्ड 'झालं' या रकान्यात सरकवायला विसरलं होतं. त्याखाली आलं, "हे काम पूर्ण झाले आहे काय?" वाचून मी हसले होते. असं सरकारी मराठी आमच्यात कोण बोलतं? मी उत्तर दिलं, "हो, झालंय, सरकवते." तर मी सरकवायच्या आतच त्याने ते सरकवलं.

पुढे त्याची भाषा बदलली. आठवडा गेला असेल नसेल, ते "झालं का?" विचारायला लागलं. मग "होऊन जाईल" म्हणायला लागलं. होऊन जाईल हा माझा शब्द. दिवसातून किती वेळा बोलत असेन देव जाणे. काकांसारखं ते "बरं का" म्हणायचं आणि इंजिनिअरसारखं वाक्याच्या शेवटी दोन टिंबं द्यायचं. तेव्हा यातलं काही मनात आलं नाही. एकत्र काम करणारी माणसं एकमेकांसारखी बोलायला लागतातच.

आणि खरं सांगायचं तर त्याची मदत व्हायची. सामान उशिरा येणार असलं की कार्डावर आधीच लाल खूण असायची. कुणाचं काम कुणामुळे अडलंय हे ते बरोबर पकडायचं. मी एकदा बोर्डवर लिहिलं की उद्या उशिरा येईन, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या कार्डाखाली एक ओळ आली, "आईचा डोळा कसा आहे?" ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीही विचारलं नव्हतं. मी लिहिलं, "बरा आहे, पट्टी उद्या काढतील." लिहिताना मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही.

वांगणीचा जॉब वेळेच्या आधी बसला. काकांचा डाइंगचा जॉब मात्र एका ड्रॉइंगवर सही होईना म्हणून अडकून पडला होता. इंजिनिअर खुशीत होता. काका दुपारी डबा खाताना गप्प गप्प असायचे.

नंतर एका मोठ्या गिऱ्हाइकाची अट आली. ऑर्डर हवी असेल तर आधी तुमच्या माणसांचं कम्प्युटर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं पाहिजे. त्यासाठी ठाण्याहून एक मॅडम येणार होत्या. शेठ म्हणाले, "त्याच दिवशी पद्धतीचंही ठरवून टाकू. मीपण येतो."

सकाळची वेळ होती. वरच्या मजल्यावरच्या खोलीत आम्ही खुर्च्या टाकून बसलो. रोजची मीटिंग नुकतीच आटोपली होती आणि इंजिनिअरचा लॅपटॉप पडद्याला तसाच जोडलेला होता. मॅडम चाळिशीच्या, साध्या कॉटनच्या साडीतल्या, आवाज शांत. आधी त्यांनी आम्ही सगळे ऐकून असतो तेच सांगितलं. अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड कुणाला देऊ नका, घाई करायला लावणाऱ्या मेलवर विश्वास ठेवू नका. आम्ही माना डोलावत होतो. काकांना जांभई आली.

मग त्या म्हणाल्या, "आता तुम्ही रोज जिथे काम करता ते दाखवा."

इंजिनिअरने अभिमानाने बोर्ड पडद्यावर आणला. मॅडमनी कार्डांकडे पाहिलंच नाही. त्या वरच्या कोपऱ्यातले गोल बघत होत्या. एकेकावर बोट ठेवून विचारत गेल्या, हे कोण, हे कोण. आम्ही हात वर करत गेलो. शेवटी त्या राखाडी गोलापाशी आल्या.

"आणि हे?"

"ते उल्हासनगर ऑफिस," इंजिनिअर म्हणाला.

शेठ मागच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "माझ्या ऑफिसातून? तिथे एक बिलं बनवणारा आहे. तो बोर्डवर काय करणार? त्याला हे माहीतपण नाही."

इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. "ताई, मला वाटायचं शेठच आहेत."

"मला वाटायचं शेठच्या सूनबाई," मी म्हणाले.

काका माझ्याकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "मला तर वाटायचं ही आहे. दुसऱ्या फोनवरून."

त्या दिवशीच्या प्रशिक्षणाचंही एक कार्ड इंजिनिअरने सकाळी बनवून 'चालू आहे' या रकान्यात ठेवलं होतं. आम्ही सगळे पडद्याकडे बघत असताना ते कार्ड हललं. लॅपटॉपला कुणाचाही हात लागलेला नव्हता. कार्ड शांतपणे उजवीकडे सरकलं आणि 'झालं' या रकान्यात जाऊन बसलं.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. टेबलावरचा एक कागद ओढून त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि इंजिनिअरसमोर धरलं. "मीटिंग बंद केली होती का?"

त्याने मान हलवली. नाही. त्याने नुसती ती खिडकी बाजूला सारली होती. त्याने ती परत उघडली. आमच्या खोलीचं चित्र एका चौकोनात होतं, आम्ही सगळे त्यात बसलेले. शेजारी काळा चौकोन. त्यात अंगठा वर केलेला होता.

मॅडमनी लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "याच्याशी काय काय बोललात?"

शोधायला वेळ लागला नाही. वांगणीच्या कार्डाखाली त्याने लिहिलं होतं, "मोडेमचा पासवर्ड इथेच ठेवा.. साइटवर कुणालाही लागेल, बरं का." इंजिनिअरने लिहून ठेवला होता. आमच्याच भाषेत मागितला होता, तर संशय कसा येणार?

"आत्ताच्या आत्ता बदला," मॅडम म्हणाल्या. "पण बोर्डवरून त्याला लगेच काढू नका. आधी सगळ्याची कॉपी घेते, पोलिसांना लागेल."

इंजिनिअरने दुसऱ्या मशीनवरून मोडेमला लॉगिन करून पाहिलं. पासवर्ड चालेना. पुन्हा टाकला. चालेना. त्याचा चेहरा उतरला. "कुणीतरी आधीच बदललाय," तो म्हणाला.

म्हणजे तिथे जाऊन हातानेच तोडायला हवं होतं. शेठनी गाडी काढली. काका, इंजिनिअर आणि मी मागे बसलो. मॅडम कारखान्यातच थांबल्या. गाडीने बदलापूर ओलांडलं. मग काका म्हणाले, "पाण्याला काही करत नसेल ना रे?" त्या इमारतींत किती घरं, किती लहान मुलं, हे आम्ही सगळेच मनात धरून बसलो होतो.

पंपाची खोली इमारतींच्या मागे, शेताच्या बांधाला लागून आहे. डोंगराकडच्या पाड्यावरचा एक माणूस तिथे पंप सांभाळतो. आम्हाला बघून तो हसला आणि खुर्ची पुसायला लागला.

"सगळं ठीक आहे ना?" शेठनी विचारलं.

"येकदम ठीक, साहेब. आता मला काय कामच न्हाय. मी यायच्या आधीच मोटर चालू व्हते, टाकी भरली का बंद व्हते. तुमीच करता ना तिकडून?"

इंजिनिअर म्हणाला, "टायमर अजून लावलेलाच नाही. आपोआप चालायलाच नको."

"मग?" तो माणूस म्हणाला. "मदीच येकदा बंद व्हते, लगीच चालू व्हते. मंग परत बंद. मला वाटलं तुमी टेस्टिंग करताय."

पंप चालू होता. पॅनलवरचा हिरवा दिवा लागलेला होता. काकांनी पॅनलची चावी काढली आणि ते पुढे झाले. तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला. बोर्डवरून सूचना होती. वांगणीच्या कार्डाखाली नवी ओळ आली होती.

"पोचलात का?"

मी फोन इंजिनिअरला दाखवला. शेठ वाचायला वाकले. आणि पंप थांबला. आम्ही कुणीच कशाला हात लावला नव्हता. पाइपातलं पाणी मागे उतरतानाचा आवाज ऐकू आला, मग तोही थांबला. पाड्यावरचा माणूस आमच्या तोंडांकडे बघत राहिला.

काकांनी दार उघडलं, स्विच मॅन्युअलवर फिरवला आणि मोडेमची वायर हिसकूनच काढली. सिमकार्ड काढून शेठच्या हातात ठेवलं. मग त्यांनी हिरवं बटण स्वतःच्या अंगठ्याने दाबलं. पंप चालू झाला. काका बराच वेळ तिथेच उभे होते, बटणावरचा हात काढायला तयार नव्हते.

आम्ही निघालोय हे त्याला कसं कळलं, याचं उत्तर मला आजही माहीत नाही. मॅडमचं म्हणणं, त्याने अंदाज बांधला असेल. लॅपटॉप मिटला म्हणजे पुढे काय होणार हे अशा माणसाला ठाऊक असतं. पोलिसांत तक्रार केली. त्यांनी सगळ्या कॉप्या ठेवून घेतल्या, दोनदा बोलावलं आणि शेवटी सांगितलं की माग देशाबाहेर जातो आणि तिथे तुटतो. लिंक आमच्या ग्रुपवरून पुढे कुणी पाठवली, तेही सापडलं नाही. नुकसान काहीच झालेलं नव्हतं. एक थेंब पाणीसुद्धा वाया गेलं नव्हतं. तो नुसता हात बसवून बघत होता.

पद्धतीचा निर्णय शेठनी पुढच्या आठवड्यात दिला. ज्या जॉबमध्ये लांबून जोडण्यासारखं काही आहे, तो काकांच्या कागदावर चालेल. त्याच्या पट्ट्यांत एक नवी पट्टी असेल, कोणाकडे कशाची चावी आहे ते तपासायची. बाकीचे जॉब कार्डांवर, पण कार्डं भिंतीवरच्या थर्माकोलवर, टाचणी लावून. इंजिनिअर काही दिवस काकांच्या नजरेला नजर देत नव्हता. एक दिवस काकांनीच त्याला बोलावलं. "ये, त्या नव्या पट्टीचं मला नीट समजावून सांग." दोघं दुपारभर त्या कागदावर वाकून बसले होते.

मला मात्र दुसरीच गोष्ट छळत राहिली. कामात कुठे अडलं की वाटायचं, आता कार्डावर त्याची लाल खूण असती. असं वाटलं की अंगावर काटा यायचा, आणि तरी वाटायचंच.

एका रविवारी मी घरी फोन घेऊन बसले आणि ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे तिथली नावं वाचत गेले. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपमध्ये एक नंबर होता, फोटो नाही, नाव नाही. पाण्याच्या वेळा, कुणाच्या घरी पाहुणे, कोण गावाला गेलंय, सगळं त्या ग्रुपवर येतं. मी सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, बी विंगमधले असतील. बी विंगवाल्या वहिनी म्हणाल्या, आमच्यातले नाहीत.

शेवटी मी त्या नंबरला फोन लावला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उचलला. ते आमच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहत होते, बरीच वर्षं झाली सोडून. आता मुलाकडे गुजरातेत असतात.

"काढायचं राहून गेलं असेल," ते म्हणाले. "मी काही लिहीत नाही हो. नुसतं वाचतो. दुपारी बरं वाटतं."

"सेक्रेटरींना सांगून तुम्हाला..." मी सुरुवात केली आणि थांबले.

"काढा, काढा," ते घाईघाईने म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. तिसऱ्या मजल्यावरच्यांची मुलगी पास झाली ना? माझ्याकडून अभिनंदन सांगा तिला."

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि सेक्रेटरींना त्यांचा नंबर काढायला सांगितलं. मग जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली.